वस्ताद जॉक स्टीन
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या युवक मंडळापुढे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आजवर आपण आपल्या मंदिराच्या पायाभरणीचा इतिहास ऐकला, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची चरित्रे ऐकली, साक्रामेंतांवरील गंभीर विवेचनही ऐकले. आज फुटबॉलच्या खेळावर भाषण आहे हे कळताच काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्याचे मी या व्यासपीठावरून पाहतो आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की, संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दृष्टान्त घेण्यास संकोच केला नाही. मग मजसारख्या सामान्य धर्मगुरूने चेंडूचा दृष्टान्त घेतला, तर त्यात मर्यादेचा भंग होतो असे मला वाटत नाही. शिवाय ज्या क्लबाची हकीकत मी सांगणार आहे, त्याचा जन्म एका धर्मग्रामाच्या सभागृहातच झाला.

आपल्याकडे तालमीत एक जुनी रीत आहे. ज्याने ऐन उमेदीत कुस्त्या मारल्या, तो गुडघा गेला किंवा वय झाले म्हणजे लंगोट खुंटीला टांगतो, पण तालीम सोडीत नाही. हौद्याच्या कडेला बसून तो पोरांना डाव सांगू लागतो आणि हळूहळू लोक त्याला वस्ताद म्हणू लागतात. मात्र प्रत्येक पैलवानाचा वस्ताद होत नाही. किंबहुना पुष्कळदा असे दिसते की, जो पहिल्या प्रतीचा पैलवान तो तिसऱ्या प्रतीचाही वस्ताद ठरत नाही. कारण जे त्याला उपजत लाभले ते दुसऱ्यापुढे उलगडून कसे ठेवावे, हे त्याला उमगत नाही. उलट, ज्याला प्रत्येक डाव घाम गाळून शिकावा लागला, त्याच्यापाशी शिकविण्यासारखे पुष्कळ असते. स्कॉटलंडचे जॉक स्टीन हे अशा दुसऱ्या जातीचे वस्ताद होते. खेळाडू म्हणून ते चांगले होते, थोर नव्हते. शिक्षक म्हणून मात्र त्यांची गणना त्या खेळातील अगदी मोजक्या थोरांत होते.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ज्या घरात त्यांची वस्तादी फळास आली त्या घराचा पाया पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने नासून घोर दुष्काळ पडला आणि देशोधडीस लागलेल्या हजारो कॅथॉलिक कुटुंबांनी समुद्र ओलांडून ग्लासगो शहर गाठले. शहराच्या पूर्व भागातील दाटीवाटीच्या बिऱ्हाडांतून ती राहू लागली. काम हलके, मजुरी तुटपुंजी आणि धर्म शेजाऱ्यांहून निराळा, अशी त्यांची तिहेरी अडचण होती. मुले उपाशीपोटी शाळेत येत. तेथील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड हे मारिस्ट संघाचे व्रतस्थ होते. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० सालचा, आयर्लंडातील स्लायगो परगण्यातला. संत व्हिन्सेंट द पॉल मंडळीच्या साहाय्याने गरीब मुलांना एका पेनीत जेवण देण्याची व्यवस्था चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. एक पेनी तरी कशाला घ्यायची, असे कोणी विचारील. मला वाटते, पेनी ठेवून ताटावर बसणाऱ्या मुलाची मान ताठ राहते, हे त्या अनुभवी शिक्षकास ठाऊक असावे.

पण पेनीवर स्वयंपाकघर चालत नाही. एडिंबरो शहरातील कॅथॉलिक तरुणांनी कॅनन हॅनन यांच्या आश्रयाखाली १८७५ साली हायबर्नियन नावाचा फुटबॉल संघ काढला होता. त्याने फेब्रुवारी १८८७ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला, आणि त्या विजयाचा सत्कार ग्लासगोच्या सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात झाला. तो उत्साह पाहून ब्रदर वॉलफ्रिड यांनी हेरले की, रविवारच्या दानपेटीत जे पडत नाही ते शनिवारच्या सामन्याच्या दारावर आपखुशीने पडते. त्याच सभागृहात ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. सेंट मेरी, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकेल या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या जेवणास पैसा पुरविणे हा त्याचा मुख्य उद्देश असल्याचे पहिल्या निवेदनपत्रातच म्हटले होते. मैदान धर्मग्रामातील लोकांनी श्रमदानाने तयार केले आणि २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात रेंजर्स या संघाचा ५–२ असा पराभव झाला. मैदानाचे वार्षिक भाडे पन्नास पौंड होते; संघाला नाव येताच मालकाने ते साडेचारशे मागितले, तेव्हा १८९२ साली जवळच्या पडक्या वीटभट्टीच्या जागेत दुसरे मैदान करावे लागले. जागेच्या मालकांचा स्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो.

१८९२ सालीच ब्रदर वॉलफ्रिड यांची त्यांच्या वरिष्ठांनी लंडनला बदली केली. त्यानंतर मुलांच्या जेवणास जाणारा पैसा आटत गेला आणि १८९७ साली क्लबाची मर्यादित कंपनी झाली. हे सांगताना मला वाईट वाटते. पण महोत्सवाच्या पुस्तकात गोड तेवढेच छापावे असा काही नियम नाही.

एक गोष्ट मात्र टिकली. हायबर्नियनच्या संघात आरंभी कॅथॉलिक तरुणांनाच प्रवेश असे. सेल्टिकने हा दंडक कधीच स्वीकारला नाही. चालविणारे कॅथॉलिक, पाहणारे बहुतेक कॅथॉलिक, पण खेळणाऱ्याने चेंडू कसा मारावा एवढेच पाहावयाचे, असा तेथला शिरस्ता पडला. १९३६ साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम नावाचा खेळाडू ग्लासगोला गेला. त्याला बुटांशिवाय खेळण्याची सवय. सेल्टिकच्या व्यवस्थापकांनी त्याला अनवाणी, केवळ पायांना पट्ट्या बांधून, राखीव संघाकडून दोन सामन्यांत खेळू दिले, आणि प्रेक्षक त्याची किमया पाहून थक्क झाले. क्लबाचे शिक्षक जिमी मॅकमेनेमी जमिनीकडे वाकून त्याच्या पायाला पट्टी बांधीत आहेत, असे एक छायाचित्र उपलब्ध आहे. गुरुवारी पवित्र आठवड्यात पायधुणीचा विधी करणाऱ्या माझ्यासारख्यास ते छायाचित्र विसरणे कठीण जाते. सलीमला घरची ओढ लागली व तो परत आला, म्हणून ही हकीकत एवढ्यावरच थांबते.

त्याच शहरातील रेंजर्स क्लबाची रीत निराळी होती. तो प्रॉटेस्टंटांचा क्लब समजला जाई आणि विसाव्या शतकात कित्येक दशके तेथे कॅथॉलिक खेळाडू घेण्याचे टाळले जाई. १९८९ साली मो जॉन्स्टन याला घेतल्यावर ती प्रथा उघडपणे मोडली. या दोन क्लबांच्या सामन्यांत खेळापेक्षा पंथाचा अभिमान अधिक पेटे, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून जी गाणी गायली जात ती ख्रिस्ताच्या नावाला शोभणारी नव्हती. दोन्ही बाजू त्याचेच नाव घेणाऱ्या होत्या, हे येथे विसरू नये.

आता स्टीन यांच्याकडे येऊ. जॉन स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनर्कशर परगण्यातील हॅमिल्टन शहरालगत बर्नबँक येथे झाला. जॉक हे जॉन नावाचे स्कॉटलंडातील घरगुती रूप. घराणे प्रॉटेस्टंट, आणि त्या वस्तीत रेंजर्सचा अभिमान बाळगणे हे जणू घरोघरचे व्रतच होते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत शाळा सुटली. थोडे दिवस गालिच्याच्या कारखान्यात काढून मुलगा कोळशाच्या खाणीत उतरला. हे काम त्याने तेरा महिने नव्हे, दहा वर्षांहून अधिक काळ केले. खाणीत दिवा विझला म्हणजे शेजारचा माणूस कोणत्या पंथाचा हे दिसत नाही. दिसतो तो, म्हणजे कळतो तो, एवढाच की तो आहे किंवा नाही. ज्याचा जीव शेजाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतो, तो माणसाची पारख निराळ्या मापाने करावयास शिकतो. पुढे मोठा मान मिळाल्यावरही स्टीन खाणमजुरांना आपले मानीत राहिले, आणि १९८४-८५ च्या संपात त्यांच्या मदतपेटीत त्यांनी हात आखडला नाही.

१९४२ सालापासून ते कोटब्रिजच्या अल्बियन रोव्हर्स या लहानशा संघाकडून खेळू लागले. आठवडाभर खाण आणि शनिवारी सामना. जागा बचावफळीच्या मध्यभागी. डावा पाय बरा, उजवा बेताचा. म्हणून पुष्कळदा चेंडू ते गुडघ्यानेच परतवून लावीत. डोक्याने खेळण्यात मात्र पटाईत. मित्रांनो, ज्याला आपले उणे नेमके कळते, तो त्याच्याभोवती आपला खेळ रचतो. वस्तादीची पहिली पायरी हीच.

१९५० साली वेल्समधील लानेली संघाने त्यांना पूर्ण वेळाचे वेतन देऊ केले, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी खाण सुटली. पण तेथे क्लबाची आर्थिक स्थिती डळमळू लागली, आणि हॅमिल्टनचे घर मागे बंद असताना चोरांनी ते दोनदा फोडले. पत्नी व लहान मुलगी यांना घेऊन परत जावे, खेळ सोडावा आणि पुन्हा खाण धरावी, असा त्यांचा निश्चय होत आला होता. इतक्यात डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिककडून बोलावणे आले. राखीव संघातील मुलांबरोबर खेळून त्यांना वळण लावील असा एक वयस्क गडी त्या क्लबास हवा होता, आणि राखीव संघाचे शिक्षक जिमी ग्रिबन यांना स्टीन यांचे नाव आठवले. किंमत पडली बाराशे पौंड. म्हणजे आरंभापासूनच त्यांना घेतले ते शिकविण्यासाठी. पहिल्या संघात खेळविण्याचा कोणाचा विचार नव्हता. पण मुख्य खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले आणि तात्पुरता उभा केलेला हा गडी तेथून हललाच नाही. वर्षभरात कप्तान शॉन फॅलन यांचा हात मोडला व कप्तानपद स्टीन यांच्याकडे आले.

इकडे बर्नबँकमध्ये जुन्या स्नेह्यांपैकी काहींनी त्यांच्याशी बोलणे सोडले. प्रॉटेस्टंट घरातल्या मुलाने हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा अंगात घालावा, हे त्यांना सोसवले नाही. स्टीन यांनी त्याचा कधी गाजावाजा केला नाही. पण ते दुःख त्यांना जन्मभर राहिले असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९५३ च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंड-स्कॉटलंडच्या आठ संघांची स्पर्धा झाली. सेल्टिकला तेथे कोणी खिजगणतीत धरले नव्हते; त्यांनी आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि अखेर हायबर्नियन यांना हरवून चषक नेला. पुढच्या वर्षी लीग आणि स्कॉटिश चषक ही दोन्ही एकदम मिळाली, जे १९१४ नंतर घडले नव्हते. त्या उन्हाळ्यात क्लबाने आपल्या खेळाडूंना स्वित्झर्लंडात विश्वचषकाचे सामने पाहावयास नेले. इतरांना ती सहल वाटली. हंगेरीचे खेळाडू जागा बदलीत, चेंडू जमिनीलगत फिरवीत कसे खेळतात, हे स्टीन डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

१९५५ च्या ऑगस्टात रेंजर्सविरुद्ध खेळताना घोटा दुखावला. शस्त्रक्रियेने गुण आला नाही आणि जानेवारी १९५७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, खेळाडूपण संपले. पायात जी लंगड राहिली ती कायमची.

मग क्लबाने राखीव संघ त्यांच्या हाती दिला. बिली मॅक्नील नावाचा एक उंच शाळकरी पोर, जॉन क्लार्क, पॅट क्रेरंड अशी मुले त्यांच्या हाताखाली आली. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या-मिरपुडीच्या बाटल्या मांडून डाव समजावणारा शिक्षक त्या मुलांना तोवर भेटला नव्हता, कारण त्या काळच्या सरावाची रीत म्हणजे मैदानाभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारणे. चेंडू आठवडाभर दाखवू नये, म्हणजे शनिवारी त्याची भूक लागते, असा एक विचित्र समज होता. स्टीन यांनी मुलांपुढे चेंडू टाकला. त्यांचे म्हणणे सरळ होते: ज्याच्याशी खेळावयाचे त्याच्याशी ओळख नको काय?

सेल्टिकच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीवर तोवर तीनच माणसे बसली होती आणि तिन्ही कॅथॉलिक. आपण प्रॉटेस्टंट, आपल्याला येथे एका पायरीपलीकडे जाता येणार नाही, अशी स्टीन यांची समजूत झाली होती. १९६० च्या मार्चमध्ये डन्फर्मलिन या बुडत्या संघाने हाक दिली आणि ते गेले. संघ लीगच्या तळाशी. चार महिन्यांत एक सामना जिंकलेला नव्हता. पहिलाच सामना पडला तो सेल्टिकशी. डन्फर्मलिन जिंकले, आणि नंतरचे राहिलेले सामनेही ओळीने जिंकून ते वरच्या वर्गात राहिले. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या एप्रिलमध्ये, स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी सेल्टिकलाच २–० असे हरविले. ज्या घराने दार अर्धे लावून घेतले त्याच घराच्या अंगणात येऊन त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. तेथून १९६४ मध्ये ते हायबर्नियनकडे गेले. मधल्या काळात, १९६३ साली, इटलीत जाऊन मिलानच्या इंटर संघाचे नामांकित शिक्षक हेलेनिओ हेरेरा यांची तालीम त्यांनी जवळून पाहिली. हे नाव लक्षात ठेवा.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ख्रिस्ती ऐक्याविषयीचे फर्मान पोप पौल सहावे यांनी प्रसिद्ध केले. कॅथॉलिकेतर ख्रिस्ती लोकांस विभक्त झालेले बंधू म्हणून ओळखावे व त्यांच्या ठायी असलेले चांगले ते आनंदाने मान्य करावे, असा त्याचा आशय आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यानंतर चार महिने होतात न होतात तोच, मार्च १९६५ मध्ये, सेल्टिकने स्टीन यांना आपला चौथा व्यवस्थापक नेमले. क्लबाचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी ते फर्मान वाचून असे केले, असे माझे म्हणणे नाही. क्लब वर्षानुवर्षे हरत होता आणि मैदान ओस पडू लागले होते, हेच खरे कारण. अगोदर त्यांनी अर्धवट अधिकार देऊ केला होता. शॉन फॅलन यांच्याबरोबर जोडीने काम करा, असे म्हटले. स्टीन यांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले की, संघ मीच निवडीन, नाहीतर मी येत नाही. तोवर संघ अध्यक्ष निवडीत असत! अध्यक्षांनी हक्क सोडला. सहा आठवड्यांत स्कॉटिश चषक घरी आला. अकरा वर्षांनी तो चषक जिंकला होता, आणि निर्णायक गोल डोक्याने मारणारा बिली मॅक्नील हा स्टीन यांचाच राखीव संघातला पोर होता.

येथे मी थोडा थांबतो, कारण आपल्या घरचा विषय निघाला आहे. मंदिरामागच्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी महोत्सव निधीतून रक्कम काढावी असे ठरले आहे. त्याबरोबर अशीही सूचना समितीपुढे आली आहे की, यापुढे आपल्या संघात खेळणारा आणि शिकविणारा, दोघेही याच धर्मग्रामाचे असावेत. सूचना आणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पैसा घरोघरच्या वर्गणीचा आहे आणि आपल्या मुलांना जागा मिळावी असे आईबापांना वाटणारच. पण शेजारच्या गावचे जे गृहस्थ आपली नोकरीची पाळी संपवून, कपाळावरचा टिळा घामाने पुसला जाईपर्यंत आपल्या पोरांना शिकवितात, त्यांनी आजवर एका पैशाची अपेक्षा केलेली नाही. पावसाळ्यात तर चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन ते आलेले मी पाहिले आहेत. या सूचनेचा अर्थ त्यांना आपण निरोप द्यावयाचा असा होतो. समितीत मला एक मत आहे आणि ते मी सूचनेविरुद्ध दिले आहे. बाकीच्यांनी आपले मत अजून दिलेले नाही. त्यांनी ते देण्यापूर्वी पुढची हकीकत ऐकावी, एवढ्यासाठीच आजचा विषय मी निवडला.

१९६६ साली सेल्टिकने लीग जिंकली आणि तेथून ओळीने नऊ वर्षे जिंकली. १९६६-६७ च्या हंगामात तर ज्या पाच स्पर्धांत उतरले त्या पाचही त्यांनी जिंकल्या. त्यांतली पाचवी म्हणजे युरोपातील विजेत्या संघांचा चषक. तो तोवर स्पेन, पोर्तुगाल व इटली यांबाहेर कोणी नेला नव्हता. अंतिम सामना लिस्बन येथे, २५ मे १९६७, गुरुवार. त्या दिवशी ख्रिस्तशरीराचा सण होता. उपाशी मुलांच्या ताटासाठी निघालेला क्लब भाकरीच्या सणाच्या दिवशी आपल्या सर्वांत मोठ्या सामन्यास उभा राहिला, हा योगायोग कोणी जुळवून आणलेला नव्हता. पंचांगात तसा पडला.

समोर इंटर मिलान, आणि त्यांच्या बाजूस तेच हेरेरा. त्यांचा संघ १९६४ व १९६५ साली हा चषक जिंकलेला, श्रीमंत, आणि एक गोल करून दार बंद करून बसण्यात तरबेज. सेल्टिकचे अकराही खेळाडू आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. त्यांत कॅथॉलिक होते तसे प्रॉटेस्टंटही होते. गोलरक्षक रॉनी सिम्प्सन छत्तीस वर्षांचा. सातव्या मिनिटास पेनल्टीवर मात्सोलाने गोल केला आणि इटालियनांनी आपले दार लावले. मग जवळजवळ तासभर सेल्टिकने त्या दारावर धडका दिल्या. दोनदा चेंडू आडव्या दांड्यावर आदळला. इंटरचा गोलरक्षक सार्ती याने इतके फटके अडविले की त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्रेसष्टाव्या मिनिटास टॉमी गेमेलने लांबून जो फटका मारला तो त्यालाही अडविता आला नाही. सामना संपावयास सहा-सात मिनिटे असताना मर्डोकच्या फटक्याला स्टीव्ही चॅमर्सने दिशा दिली. २–१. ब्रिटनमधल्या कोणत्याही संघाने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. असे सांगतात की, चषक ग्लासगोला आल्यावर स्टीन तो घेऊन जिमी ग्रिबन यांच्याकडे गेले. सोळा वर्षांपूर्वी ज्याला आपले नाव आठवले त्याच्या हाती तो द्यावा म्हणून.

विजयाच्या हकीकती पुष्कळ आहेत. मला त्यांची वस्तादी दिसते ती एका लहान प्रसंगात. जिमी जॉन्स्टन नावाचा एक ठेंगू, तांबड्या केसांचा गडी त्या संघात होता. चेंडू पायात आला की तो तीन-तीन माणसांना चकवीत असे. पण विमानाचे त्याला विलक्षण भय. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशी दोन सामने होते, पहिला घरी आणि दुसरा बेलग्रेडला. घरच्या सामन्यात मध्यंतरास १–१ अशी बरोबरी होती. स्टीन यांनी जॉन्स्टनला बाजूला घेऊन वचन दिले की, आज आपण मोठ्या फरकाने जिंकलो तर तुला विमानात बसावे लागणार नाही. दुसऱ्या अर्धात तो पोर असा खेळला की जणू अंगात वारे शिरले. दोन गोल त्याने केले आणि सामना ५–१ असा संपला. आता बेलग्रेडच्या लोकांनी त्याला पाहण्याची इच्छा कळविली, मोहही दाखविला. पण स्टीन यांनी वचन पाळले व त्याला घरी ठेवले. दुसरा कोणी असता तर भित्रा म्हणून त्याची थट्टा करून मोकळा झाला असता. याच जॉन्स्टनला दारूच्या गुत्त्यांतून हुडकून आणण्यासाठी मात्र ते कठोर होत, आणि त्याच्या बाबतीत आपली सारी करामत अपुरी पडते असेही त्यांना वाटे. वस्तादांच्या हाती सगळे नसते.

चुकाही झाल्या. १९७० मध्ये पुन्हा अंतिम सामना आला, मिलान येथे, फेयेनूर्ड या डच संघाशी. त्याआधी लीड्सला हरविल्याच्या आनंदात डच लोकांना त्यांनी कमी लेखले, आणि जादा वेळात २–१ अशी हार खाल्ली. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकशी सामना संपताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. त्या संध्याकाळी जखमी व मृत यांना उचलणाऱ्यांत स्टीन होते. कोणता पट्टा कोणाच्या गळ्यात आहे हे पाहावयास त्या दिवशी कोणी थांबले नाही.

१९७५ च्या जुलैत रस्त्यावर चुकीच्या बाजूने येणाऱ्या मोटारीशी टक्कर होऊन ते मरणाच्या दारातून परत आले. वर्षभर विश्रांती घेऊन १९७७ साली त्यांनी पुन्हा लीग व चषक मिळविले. पण पूर्वीचे बळ ओसरले होते. १९७८ मध्ये क्लबाने त्यांची जागा बिली मॅक्नील याला दिली. त्यात गैर काही नाही. शिष्याच्या हाती तालीम जाणे हे वस्तादाचे भाग्यच. पण त्यांना स्वतःला जे काम देऊ केले ते क्लबाच्या सोडतीचा व्यवसाय पाहण्याचे! ज्याने घर उभारले त्याला ओसरीवर बसवून तिकिटे विकावयास सांगावे, याला मी कृतघ्नपणाच म्हणेन, मग ते घर आपल्याच पंथाचे का असेना. त्यांनी ते काम घेतले नाही. दीड महिना लीड्सला काढून ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि १९८२ साली संघ स्पेनच्या विश्वचषकात नेला.

१० सप्टेंबर १९८५ रोजी वेल्समधील कार्डिफ येथे पुढच्या विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. स्कॉटलंडला निदान बरोबरी हवी होती. वेल्सने आरंभीच गोल केला. मध्यंतरास गोलरक्षक जिम लेटन याने सांगितले की, डोळ्यात बसविण्याचे भिंग हरवले आहे आणि मला नीट दिसत नाही. तो अशी भिंगे वापरतो हेच स्टीन यांना ठाऊक नव्हते. त्यांचे साहाय्यक आणि अ‍ॅबरडीन क्लबात रोज लेटनला शिकविणारे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनाही नव्हते. आपल्या मुलांची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या माणसाला हा मोठा धक्का होता. त्यांनी अ‍ॅलन रफ याला गोलात उभे केले. नऊ मिनिटे उरली असताना पेनल्टी मिळाली, डेव्ही कूपर या रेंजर्सच्या गड्याने ती मारली आणि १–१ झाले. सामना संपण्याच्या बेतात स्टीन उठले आणि तेथेच कोसळले. हृदयविकाराचा झटका होता. मैदानावरच्या औषधोपचाराच्या खोलीत त्यांचे प्राण गेले. वय ६२. आत काय झाले हे कळेपर्यंत बाहेर हजारो स्कॉटिश लोक घोळक्याने उभे राहिले, आणि कळल्यावर त्यांत सेल्टिकचे होते तसे रेंजर्सचेही होते.

त्या बरोबरीच्या बळावर स्कॉटलंडला ऑस्ट्रेलियाशी दोन सामने खेळण्याचा हक्क मिळाला. ग्लासगोला २–०, मेलबर्नला ०–०. १९८६ साली संघ मेक्सिकोला गेला, तेव्हा बाजूच्या बाकावर स्टीन यांच्या जागी फर्ग्युसन बसले होते.

समितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कचेरीत आहे.